काशाला पाणी

“मग यातला थोर तास कोणता, बाबा? एकच सांगा.”

विचारणारा होता तुळाजी लोहार, घाटावरच्या केळवंडी गावचा. छाती ऐरणीसारखी आणि मिशा सांडशीच्या दोन पात्यांसारख्या.

सहजगिरबाबा विळीवर वांगी चिरत बसले होते. हातातलं वांगं त्यांनी पुरतं चिरलं, पाण्यात सोडलं, आणि मग मान वर केली.

“थोर कशाला हवाय तुला?”

“तसला घडवायचाय. या हातांनी.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि दुसरं वांगं उचललं.

बाबांचा मठ खाडीच्या काठाला होता. मठ म्हणजे काय, एक धुनी, एक देव्हारा आणि बाकी सगळा कारखानाच. भट्टी, भाता, घण. बाबा मूळचे कासार. गोसावी झाले, भगवी नेसले, तरी हातातला घण काही सुटला नाही. देवळांसाठी तास घडवायचे आणि देवळांना देऊन टाकायचे, हेच त्यांचं भजन. तास म्हणजे काशाची थाळी. दोरीला टांगायची आणि मोगरीनं वाजवायची.

केळवंडीच्या वाघजाईचा तास तडकला होता. वाजवला की खोकल्यासारखा आवाज यायचा. चैत्री पुनवेला देवीचा छबिना निघतो, त्याच्या पुढं तास लागतो. पारावर गाव जमलं. कुणी म्हणालं, खाली खाडीकाठी कासार आहेत, त्यांच्याकडनं आणू.

तेव्हा तुळाजी उठून उभा राहिला होता.

“गावात लोहार असताना कासार कशाला? जातो, बघतो, आणि माझ्या एकट्याच्या हातचा तास घेऊन येतो. दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल तर मिशा उतरवीन.”

गावानं ते ऐकून घेतलं. गाव असलं काही विसरत नाही.

तर आता तुळाजी इथं आला होता आणि पुनव काही थांबणार नव्हती.

“ओसरीवर टांगलेत ना,” बाबा म्हणाले, “एकेक वाजव. मग थोर कोणता ते तूच मला सांग.”

ओसरीच्या आडव्या वाशाला तऱ्हेतऱ्हेचे तास होते. बाबांचे गुरू गलबतावरनं दर्यापार हिंडलेले. जिथं गेले तिथली माणसं शिधा देत, आणि गुरू शिध्याऐवजी तास मागून घेत.

तुळाजीनं मोगरी उचलली आणि पहिल्या जाडजूड, सपाट थाळीवर हाणली.

टण्ण!

माडावरचा कावळा उडाला.

“हा घडीचा,” बाबा म्हणाले. “किल्ल्यावर, पहाऱ्यावर वाजतो. झटकन येतो, झटकन जातो. माणसं टोल मोजतात ना… हा रेंगाळला तर दोनाचे तीन व्हायचे.”

“हाच थोर!”

“पुढचा वाजव.”

पुढचा पातळ होता, काठ मुडपलेला. बारीक काठीनं वाजवायचा. तो हसत सुटलेल्या पोरींसारखा खणखणला.

“आरतीचा,” बाबा म्हणाले. “हा एकटा नाही शोभत. टाळ्या पाहिजेत, झांजा पाहिजेत. गर्दीतला गडी आहे.”

“मग हा थोर!”

“पुढचा.”

पुढे दोन लहान थाळ्या जोडीनं टांगल्या होत्या. एकीवर टिचकी मारली की आवाज खालून वर चढत जायचा. दुसरीवर मारली की वरून खाली घरंगळायचा.

“चीन देशातल्या नाटकवाल्यांच्या आहेत,” बाबा म्हणाले. “राजा आला की एक, विदूषक पडला की दुसरी.”

भात्यापाशी चिमाअक्का बसली होती. मठाचा स्वयंपाक तिचा आणि भट्टीचा भाताही तिचाच. ती म्हणाली, “ती वर चढणारी माझी नणंद. साधं पाणी मागितलं तरी असाच सूर.”

“आणि खाली घरंगळणारी?” तुळाजीनं विचारलं.

“माझे मालक. बिचारे.”

बाबा खदखदून हसले. वांगं चिरायचं राहिलं.

मग भली मोठी, परातीहून रुंद, पत्र्यासारखी पातळ थाळी. तुळाजीनं दोन्ही हातांनी मोगरी फिरवली. थाळी भुंकल्यासारखी करून गप्प झाली.

“झोपलेल्याला मारलंस,” बाबा म्हणाले. उठून आले. मोगरीला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, ती त्यांनी थाळीला नुसती लावली. पुन्हा लावली. ऐकूच येईना काही. पोराला उठवावं तसं चाललं होतं… आणि मग एक बेताचा टोला दिला.

आधी नुसती गुणगुण. मग गुणगुणीचा घोष. मग जणू घाटातलं सगळं पाणी एकदम खाली यायला लागलं. तुळाजीच्या मिशा थरथरल्या.

“हा… हा थोर, बाबा!”

“अजून एक राहिलाय.”

तो शेवटचा मधोमध फुगलेला होता. पोटाला बेंबी असावी तसा. तुळाजीनं या खेपेला हळूच, बेंबीवर मोगरी टेकवली.

घुंऽऽऽम.

एकच सूर. गोल. खाडीवरनं गेला आणि परत यायची घाई नसल्यासारखा गेला.

तुळाजीनं मोगरी खाली ठेवली.

“पूर्वेच्या बेटांवरचा,” बाबा हळूच म्हणाले. “तिकडं अशा थाळ्यांच्या ओळी मांडतात. वाटीएवढीपासून परातीएवढीपर्यंत. अख्खा गाव मिळून वाजवतो. आणि सगळ्यात मोठी आहे ना, ती आवर्तन पुरं झालं की एकदा वाजते. एकदाच.”

“आणि तोवर तिचा वाजवणारा काय करतो?”

“ऐकतो.”

तुळाजीनं मान हलवली. हलवली खरी, पण त्याचं ध्यान त्या गोल सुरातच होतं.

“ठरलं. मी असला घडवणार. मऊ सुराचा.”

“घडव की.”

“एकट्यानं.”

“घडव.”

मठात गोंदा आणि रुमाजी असे दोघे कासार भाऊ घणावर असायचे. तुळाजीनं त्यांना बाजूला बसवलं. ते आनंदानं बसले. त्यांना तंबाखू खायला सवड मिळाली.

“अक्का, तुम्ही भाता ओढा,” तुळाजी म्हणाला. “पण घणाला हात लावायचा नाही.”

“म्हणजे वारा माझा आणि तास तुझा?”

“वाऱ्याला कोण विचारतं, अक्का?”

“बरोबर आहे बाबा,” अक्का म्हणाली. “चूल पेटली की फुंकर कुणाला आठवते?”

मठातलं तोलून ठेवलेलं तांबं आणि कथील मुशीत वितळलं. त्याची जाड वडी ओतली. वडी लाल करायची, घाव घालायचे, लाली उतरली की पुन्हा भट्टीत. ठोकताना लाली गेली आणि घाव पडला तर कासं चिरतं, एवढं तुळाजीला कळायला कुणी सांगावं लागलं नाही. हात लोहाराचाच होता. दिवसभर तो एकटा ठोकत होता. घाम, ठिणग्या, आणि मधूनच “जय वाघजाई!” दगडातल्या खळग्यात ठोकून त्यानं बेंबीसुद्धा काढली.

गोंदा तंबाखू मळायचा थांबला.

“लोहार आहे, पण हात आहे हं,” तो रुमाजीला म्हणाला.

दिवस कलायला लागला तेव्हा थाळी झाली. लाल, गोल, सुरेख. आता तिला डोणीत बुडवायची. भट्टीशेजारी दगडाची लांबरुंद डोण होती, माणूस आडवा मावेल एवढी, काठोकाठ पाण्यानं भरलेली. गोंदा आणि रुमाजी प्रत्येक तास लाल असतानाच तीत बुडवायचे, हे तुळाजीनं आल्यापासनं बघितलं होतं.

आणि बघून मनात म्हणाला होता, हे चुकतात.

पाणी दिलं की धातू कडक होतो. हे लोहाराच्या पोराला पाळण्यात कळतं. विळ्याला पाणी, कोयत्याला पाणी, पहारीच्या टोकाला पाणी. आणि नरम ठेवायचं असेल तर राखेत गाडायचं, सावकाश निवू द्यायचं. मग यांचे तास टणटण करतात ते का? कडक करून ठेवतात म्हणून! मऊ सूर पाहिजे तर राख पाहिजे.

त्यानं राखेत खड्डा केला आणि थाळी आत ठेवून वरून मायेनं राख पसरली.

गोंदानं तोंड उघडलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. गोंदानं तोंडात तंबाखूची चिमूट टाकली आणि मिटलं.

अक्काला राहवेना. ती बाबांच्या कानाशी आली.

“सांगू का त्याला?”

“त्यानं विचारलं का?”

“नाही.”

“मग राहू दे. कासं आहे, अक्का. फुटलं तरी वितळतं.”

सकाळी तुळाजीनं अंघोळ केली, कपाळाला गंध लावलं, राख बाजूला सारली. थाळी हातात घेतली, पुसली, वाशाला टांगली. सगळ्यांना हाक मारली.

“ऐका आता.”

मोगरी त्यानं बेंबीवर बेतानं टेकवली. आवाज आला, पण तो “टक्क” असा आला.

थाळी क्षणभर तशीच राहिली. मग तिचे तीन तुकडे झाले. दोन त्याच्या पायाशी पडले आणि एक दोरीला लटकत राहिला.

…

गोंदा खाडीकडं बघायला लागला. रुमाजी माडाकडं. अक्कानं पदराचं टोक दातात धरलं.

तुळाजीनं तुकडा उचलला. फुटलेली कड कौलासारखी खरखरीत होती. कान तापले, मान तापली, आणि मग सगळा चेहरा असा पेटला की भट्टीनं मागं सरावं.

“तुमच्या काशातच खोट!” तो ओरडला. “कथील जास्त घातलंत! नाही तर… नाही तर भाता नीट ओढला नाही! तुम्हाला ठाऊक होतं! सगळ्यांना ठाऊक होतं! बसून तमाशा बघितलात! पुनव तोंडावर आली आणि मी आता गावात कोणत्या तोंडानं जाऊ? थुंकतो मी तुमच्या या तासांवर. चाललो!”

पटका त्यानं डोक्याला बांधला. तो उलटा बांधला गेला.

“जा,” बाबा म्हणाले. “जायच्या आधी एवढं बघून जा. त्या डोणीच्या तळाला काय पडलंय?”

“काय?”

“ते मला कुठं दिसतंय? म्हाताऱ्याचे डोळे. तू वाक जरा.”

रागावलेला माणूससुद्धा म्हाताऱ्याचं एवढं ऐकतो. तुळाजी डोणीवर वाकला.

बाबांनी मागून हात लावला आणि… धप्प!

पाणी चारी बाजूंनी उडालं. भट्टी चर्रकन वाजली. तुळाजीचे पाय हवेत, डोकं तळाला. मग डोकं वर आलं, त्याच्या मिशांतून काळं पाणी गळत होतं आणि पटका खाडीतल्या होडीसारखा एकटाच तरंगत होता.

“अगंबाई!” अक्का किंचाळली. “बाबांनी लोहाराला पाणी दिलं!”

“लालबुंद झाला होता,” बाबा म्हणाले. “असाच सोडला असता तर घाट चढेतो तुकडे झाले असते.”

तुळाजीला श्वास सापडला. “पाणी दिलं की… कडक होतं! हे मला शिकवता?”

“लोखंड होतं.”

“मग?”

“कासं उलटं. लाल असताना पाणी दिलं की ते नरम पडतं. घाव सोसतं. सावकाश निववलं की कौल होतं.”

“उलटं?”

“उलटं.”

तुळाजीनं गोंदाकडं बघितलं. गोंदानं मान हलवली. रुमाजीकडं बघितलं. त्यानंही हलवली. अक्का तर पदर तोंडात कोंबून नुसती हलत होती.

“आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विळे घासले…” तुळाजी पुटपुटला, “आणि हे शेजारी बसून उलटं करतंय.”

बाबा डोणीच्या काठावर बसले. त्यांचीही कफनी भिजली होती.

“बाहेर येऊ नकोस एवढ्यात,” ते म्हणाले. “आधी सांग. पाणी तर मिळालं. तू कशाचा आहेस?”

तुळाजी पाण्यात बसून राहिला.



मग त्याच्या पोटात कुठंतरी काहीतरी हललं. आधी नुसती गुणगुण. मग खांदे हलले. मग पाणी हललं. मग तो असा हसायला लागला की डोण निम्मी रिकामी झाली. हसता हसता त्यानं तरंगणारा पटका उचलून बाबांच्या डोक्यावर ठेवला. अक्का जमिनीवर बसली. रुमाजीला तंबाखू गिळल्यामुळं उचकी लागली.

“बाबा,” शेवटी तुळाजी म्हणाला, “थंडी वाजतेय.”

“मग बाहेर ये आणि भाता ओढ.”

त्यानं भाता ओढला. अक्का शेजारी कंबरेवर हात ठेवून उभी.

“ओढ, ओढ. वाऱ्याला कोण विचारतं?”

“माफ करा, अक्का. हात गळून आले.”

“एवढ्यात? अजून तर भट्टी नुसती घामेजलीय.”

तीन तुकडे मुशीत गेले आणि एक झाले. नवी वडी लाल झाली. गोंदानं घण उचलला, रुमाजीनं उचलला, तुळाजीनं उचलला. तिघं तीन अंगांना.

पहिल्याच फेरीत तुळाजीचा घण लवकर आला आणि रुमाजीच्या घणावर आपटला. ठिणगी अक्काच्या लुगड्याला लागता लागता राहिली.

“लोहारा, तुझ्या आधी मी आहे!” रुमाजी ओरडला.

“मग लवकर घाल की!”

“मी माझ्या वेळेला घालतो. तू तुझ्या वेळेला घाल.”

तुळाजीनं घण खांद्यावर थांबवला. गोंदाचा घाव. रुमाजीचा घाव. आणि मग मध्ये एक जागा उघडी राहिलेली त्याला ऐकू आली. तिथं त्यानं घण टाकला.

धम्. धम्. धम्.

मग ते चालू झालं. भात्याचा श्वास खाली आणि घणांची चाल वर. अक्कानं भात्यावर ओवी धरली; रुमाजीची उचकी अजून चालूच होती, तीपण तालात येऊ लागली. बाबा धुनीपाशी बसून मांडीवर टाळी देत होते. बंदरावरचे दोन खलाशी जाता जाता थांबले आणि विनाकारण हसत उभे राहिले.

थाळी झाली. लाल असतानाच तुळाजीनं सांडशीत धरली, डोणीपाशी आणली आणि बुडवायच्या आधी तिला म्हणाला, “भिऊ नकोस. मीपण जाऊन आलोय.”

चर्रऽऽऽ.

वाफ निघाली ती माडांच्या शेंड्यापर्यंत.

सूर लावायचं काम उरलं होतं. थंड थाळीवर छोट्या हातोडीनं, जरा इथं, जरा तिथं, ऐकत ऐकत ठोकायचं. बाबांनी हातोडी तुळाजीच्या हातात दिली.

“मी?”

“तुझा हात हलका आहे.”

“लोहाराचा हात हलका?”

“काल नव्हता.”

दुपार त्यातच गेली. शेवटी सूर लागला. बेटावरच्या थाळीसारखा नव्हता तो. थोडा जाड, थोडा खडबडीत, पण पोटातून येणारा. तो खाडी ओलांडून गेला आणि पलीकडच्या वाडीत गुरं राखणारी बाई वळून बघायला लागली.

तुळाजी थाळीवर हात ठेवून थरथर थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. जायची घाई असलेला माणूस असा उभा राहत नाही.

निघायच्या दिवशी खाडीतून माल वाहणारा पडाव काठाला लागला होता. भरतीबरोबर वर जायचं आणि पुढं घाट. तास घोंगडीत गुंडाळून तुळाजीनं मांडीवर घेतला, तान्ह्या पोराला घ्यावं तसा. सगळे पोचवायला आले.

तांडेलानं बांबू रेटायला घेतला तेव्हा तुळाजी एकदम उठला. पडाव डुचमळला.

“बाबा! एक राहिलंच. मी पारावर सांगून आलोय, एकट्याच्या हातचा आणीन म्हणून. पहिलं तेच विचारतील. हा तास कुणी घडवला म्हणून सांगू?”

“वारा माझा म्हणून सांग!” अक्का काठावरनं ओरडली.

“दोन घण आमचे!” रुमाजी म्हणाला.

“आणि डोण?” गोंदा म्हणाला. “डोणीचं नाव आधी घे!”

तुळाजी हसत होता, पण एक हात मिशांवर गेलेला होता. त्यानं बाबांकडं बघितलं.

बाबा पाण्यात उतरले. गुडघ्याइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी काखेतली मोगरी काढली आणि त्याच्या हातात दिली.

…

“पोचलास की आधी वाजव,” सहजगिरबाबा म्हणाले. “मग विचारायचं कुणाच्या ध्यानात राहतं का, ते बघ.”